वय, काळाचे भान आणि नोकरीची निवड

मनुष्य कोणते काम पसंत करतो, याचे उत्तर आपण बहुधा त्याच्या स्वभावात शोधतो. तरुणाने हातची नोकरी सोडून दुसरी धरली की तो चंचल ठरतो. पन्नाशीच्या कर्मचाऱ्याने बढती नाकारून गावाजवळची बदली मागितली की त्याची उमेद संपली, असे म्हटले जाते. मुलगी पुढे शिकायचे म्हणते आणि वडील तिला भरतीचा अर्ज भरायला सांगतात, तेव्हा मुलगी हट्टी आणि वडील जुन्या विचारांचे, असा निकाल आपण झटपट देऊन मोकळे होतो. या सर्व प्रसंगांच्या मुळाशी स्वभावाहून वेगळी अशी एक गोष्ट असते. ती म्हणजे, आपल्यापुढे अजून किती काळ शिल्लक आहे, याविषयी त्या माणसाच्या मनात असलेले भान.

निवासी शाळेतून दरवर्षी शालान्त परीक्षा देऊन विद्यार्थी बाहेर पडतात. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरात नियमित वेतनाची नोकरी करणारी ही पहिलीच किंवा दुसरीच पिढी असते. अशा विद्यार्थ्याला 'काय व्हायचे आहे?' हा प्रश्न विचारणे सोपे आहे. परंतु त्याने दिलेले उत्तर कोणत्या काळाच्या हिशेबातून आले आहे, हे समजून घेतल्याशिवाय त्याला योग्य मार्गदर्शन करता येत नाही. वय, काळाचे भान आणि नोकरीची पसंती यांचा परस्परसंबंध उलगडून दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पसंतीचा हक्क आणि भविष्यकाळ

नोकरीची 'पसंती' ही कल्पनाच मुळात नवी आहे. ज्या समाजव्यवस्थेत जन्माबरोबर काम ठरत असे, तेथे पसंतीला जागा नव्हती आणि म्हणून वयालाही फारसा अर्थ नव्हता. महार वतनाचे उदाहरण घेऊ. चावडीवर माणसे बोलावून आणणे, सरकारी टपाल व सामान पुढच्या गावी पोहोचविणे, गावाच्या सीमेची माहिती ठेवणे, मृत्यूची वार्ता घेऊन नातलगांच्या गावी पायपीट करणे, मेलेली जनावरे ओढून नेणे, अशी अनेक कामे या वतनात मोडत. त्याच्या मोबदल्यात हाडकी-हाडवळ्याची तुटपुंजी जमीन आणि खळ्यावरचे बलुते मिळे.

या कामाला ठरलेली वेळ नव्हती. मुंबई प्रांतात १८७४ सालच्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने ही व्यवस्था कायद्याच्या चौकटीत बसविली होती. या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, तेव्हा त्यांनी नेमके याच गोष्टीवर बोट ठेवले. वतनदार महार चोवीस तास सरकारच्या हुकमाचा ताबेदार असतो आणि तो स्वतः हजर नसेल तर त्याच्या घरातील दुसऱ्या माणसाला कामाला जुंपले जाते, हे त्यांनी सभागृहाला दाखवून दिले. पाळी व्यक्तीची नव्हती, घराची होती. बाप नसेल तर मुलगा आणि मुलगा नसेल तर म्हातारा आजोबा. विसाव्या वर्षी जे काम, तेच साठाव्या वर्षी. चढण्याची पायरी नाही, शिकण्याचा टप्पा नाही आणि निवृत्तीही नाही. ज्याचा आजचा दिवसच स्वतःच्या मालकीचा नाही, त्याने पुढच्या दहा वर्षांचा विचार कशाच्या आधारे करावा?

ही वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. परंतु त्यापूर्वीच कित्येक कुटुंबांनी गाव सोडून गिरणी, रेल्वे, गोदी आणि लष्कर यांची वाट धरली होती. तेथेही भेदभाव होताच. मुंबईच्या कापड गिरण्यांत तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, या सबबीखाली अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना शिरू दिले जात नसे. तरीही गिरणीच्या भोंग्याने एक मोठा बदल घडविला. एक भोंगा झाला की काम सुरू आणि दुसरा झाला की काम संपले. त्यानंतरचा वेळ कामगाराचा स्वतःचा झाला. पगाराला तारीख आली. ज्याला पुढच्या महिन्याची तारीख ठाऊक आहे, तो मुलाला शाळेत घालण्याचा विचार करू शकतो. दूरवरच्या काळाकडे पाहण्याची सवय ही निसर्गाने दिलेली वस्तू नाही. ती सामाजिक परिस्थितीतून घडते आणि परिस्थितीनुसार आखडतेही, याची नोंद आपण येथेच घेतली पाहिजे.

काळाचे भान म्हणजे काय?

मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पद्धतशीर अभ्यास केला. शिकागो विद्यापीठातील बर्निस न्यूगार्टन यांनी १९६८ साली मध्यमवयाविषयी लिहिताना एक मार्मिक निरीक्षण मांडले. माणूस तरुण असतो तेव्हा जन्मापासून किती वर्षे झाली, असा हिशेब करतो. मध्यमवयात केव्हातरी हा हिशेब उलटतो आणि किती वर्षे उरली, अशी मोजणी सुरू होते. पंचांग तेच राहते, परंतु मोजणीची दिशा बदलते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॉरा कार्स्टेन्सन यांनी हा विचार पुढे नेला. त्यांच्या सिद्धान्ताचा आशय थोडक्यात असा : पुढे भरपूर काळ आहे असे वाटते, तेव्हा माणूस ज्ञान, अनुभव, नव्या ओळखी आणि कौशल्ये गोळा करण्याकडे झुकतो. त्यासाठी आजची गैरसोय, अपमान किंवा तोटा सोसण्याची त्याची तयारी असते, कारण त्याचे फळ उपभोगायला पुढे वेळ आहे. काळ मर्यादित आहे असे वाटू लागले, की तो ज्या गोष्टींतून आजच अर्थ आणि समाधान मिळेल अशा गोष्टी निवडतो. जवळची माणसे, मनाजोगते काम, मनःशांती यांना तेव्हा महत्त्व येते.

या बदलाचे कारण वय आहे की काळाचे भान, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर हाँगकाँगमध्ये झालेल्या एका अभ्यासाने दिले. १९९७ साली हाँगकाँग ब्रिटनकडून चीनच्या ताब्यात जाणार होते. वेळ कोणाबरोबर घालवायला आवडेल, असा साधा प्रश्न संशोधकांनी लोकांना विचारला. हस्तांतरणाला एक वर्ष असताना नेहमीप्रमाणे वृद्धांनी जवळच्या माणसांना पसंती दिली, तरुणांनी तशी खास पसंती दाखविली नाही. हस्तांतरण दोन महिन्यांवर आले तेव्हा तरुणही वृद्धांसारखेच उत्तर देऊ लागले. एक पर्व संपत आहे, या जाणिवेने त्यांची निवड बदलली होती. वर्षभरानंतर परिस्थिती स्थिरावल्यावर तरुण पुन्हा तरुणांसारखे उत्तर देऊ लागले. याच संशोधकांनी वृद्धांना, वैद्यकीय शोधामुळे तुम्हाला आणखी वीस वर्षांचे आयुष्य मिळणार आहे अशी कल्पना करायला सांगितली, तेव्हा वृद्धांची निवडही तरुणांच्या निवडीजवळ गेली. हा अभ्यास नोकरीविषयी नव्हता, सोबतीविषयी होता. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष नोकरीलाही लागू पडतो. वय हे काळाच्या भानाचे एक मोठे कारण आहे, परंतु निवड प्रत्यक्षात घडविते ते भान.

वयाच्या टप्प्यांवर बदलणारी पसंती

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. डोरीन कोइ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वय व कामामागील प्रेरणा यांविषयी झालेल्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०११ साली प्रसिद्ध केले. त्यातून दिसले ते असे : वय वाढत जाते तसतशी वाढीची, म्हणजे नवे शिकण्याची व वर चढण्याची ओढ कमी होते. पगार, पद यांसारख्या बाहेरून मिळणाऱ्या मोबदल्याचे आकर्षणही काहीसे ओसरते. उलट, कामातच असलेल्या समाधानाची ओढ वाढते. वय वाढले की माणूस सुरक्षिततेच्या मागे लागतो, असा आपला सर्वसाधारण समज आहे. त्याला मात्र या विश्लेषणात सरसकट आधार मिळाला नाही. तो केवळ काही गटांपुरता खरा ठरला. म्हणजे म्हातारपण आणि भित्रेपण यांची आपण घातलेली सांगड तपासून घेतली पाहिजे.

हे सामान्य कल आहेत. प्रत्येक व्यक्तीचे भविष्य त्यावरून सांगता येत नाही. तरीही आपल्या परिचयाच्या जगात हे चित्र ओळखू येते. बावीस वर्षांचा पदवीधर कमी पगारावर मोठ्या शहरात काम स्वीकारतो, कारण तेथे शिकायला मिळेल असे त्याला वाटते. पस्तिशीत घरभाडे, मुलांची फी आणि आईवडिलांचे औषधपाणी यांचा भार एकाच वेळी येतो. या वयात पगार आणि बदलीचे ठिकाण यांना महत्त्व येणे स्वाभाविक आहे. पन्नाशीनंतर तोच माणूस विचारू लागतो, की मी जे शिकलो ते कोणाच्या उपयोगी पडणार? मानसशास्त्रज्ञ एरिक एरिकसन यांनी मध्यमवयाचे मुख्य लक्षण म्हणून पुढच्या पिढीची काळजी वाहण्याची हीच वृत्ती सांगितली आहे.

बाबासाहेबांच्या जीवनातील नोकऱ्या

बाबासाहेबांच्या चरित्राकडे आपण संघर्षाचा आणि विद्वत्तेचा आलेख म्हणून पाहतो. त्यांनी स्वीकारलेल्या आणि सोडलेल्या नोकऱ्यांचा क्रम लावून पाहिला तर काळाच्या भानाविषयीही त्यातून पुष्कळ शिकता येते.

१९१३ साली वयाच्या बाविसाव्या वर्षी त्यांना बडोदा संस्थानची तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. तीन वर्षांच्या विद्येसाठी आयुष्याची दहा वर्षे बांधून देण्याची ही तयारी दीर्घ भविष्यकाळ डोळ्यांसमोर असलेल्या तरुणाचीच असू शकते. १९१७ साली ते बडोद्यात रुजू झाले. परंतु कचेरीतील शिपाईही विटाळाच्या भीतीने त्यांच्याकडे कागद फेकत, आणि शहरात राहावयास घर मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना हुसकावून लावण्यात आले. अवघ्या काही दिवसांत त्यांना ती नोकरी सोडावी लागली.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. वेतन दरमहा साडेचारशे रुपये. त्या काळी ही रक्कम मोठी होती. घरी पत्नी रमाबाई होत्या, लहान मुलगा होता, मोठ्या कुटुंबाचा भार होता. जीवनाला स्थैर्य आले असे कोणीही म्हटले असते. तथापि, १९२० साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी हे पद सोडले आणि शिल्लक टाकलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर अपुरा राहिलेला अभ्यास पूर्ण करण्यासाठी लंडन गाठले. प्राध्यापकाने पुन्हा विद्यार्थी होणे पसंत केले. आजचा पगार आणि उद्याचे सामर्थ्य यांपैकी त्यांनी उद्याचे सामर्थ्य निवडले, कारण त्या सामर्थ्याचा उपयोग करण्यास पुढे काळ आहे असा त्यांचा हिशेब होता. त्याची किंमत रमाबाईंनी मुंबईत राहून मोजली, हेही विसरता कामा नये. दीर्घ पल्ल्याची निवड एकटा माणूस क्वचितच पेलतो. ती सारे घर पेलत असते.

१९२३ साली डी.एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन परतल्यावर बत्तिसाव्या वर्षी त्यांनी वकिलीचा स्वतंत्र व्यवसाय निवडला. कायम सरकारी नोकरीत स्थैर्य होते, परंतु सार्वजनिक कार्याला लागणारा वेळ व मोकळीक तेथे मिळाली नसती. या काळात त्यांनी अध्यापनही केले आणि १९३५ ते १९३८ या काळात ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. म्हणजे मध्यमवयातील निवडीचा निकष बदलला. काय शिकायला मिळेल, यापेक्षा माझा वेळ माझ्या कार्याला किती उरेल, हा तो निकष.

पन्नाशीनंतरचे चित्र अधिक बोलके आहे. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि स्वातंत्र्यानंतर विधिमंत्री. ही सर्वोच्च पदे सांभाळीत असतानाच त्यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाची मुहूर्तमेढ रोवली. या वयात त्यांनी आपल्या माघारी चालू राहतील अशा संस्थांवर शक्ती खर्च केली. सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाचा प्रश्न व इतर कारणांवरून त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यानंतरच्या वर्षांत प्रकृती ढासळत असताना त्यांनी हातात घेतलेले काम कोणते? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ पूर्ण करणे आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा. ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. काळ थोडा उरला आहे हे ज्याला कळले आहे, तो माणूस पद सोडतो आणि काम उरकतो. काळाच्या मर्यादेची जाणीव माणसाला केवळ मागे खेचते असे नाही. ती त्याला एकाग्रही करू शकते.

काळ लांबविणाऱ्या आणि आखडणाऱ्या व्यवस्था

वय सर्वांचे सारख्याच गतीने वाढते, परंतु भविष्यकाळ सर्वांना सारखा लांब दिसत नाही. ज्याच्या घरी दोन वर्षे बसून खाण्याइतकी शिल्लक आहे, त्याचा बावीस वर्षांचा मुलगा खरोखर बावीस वर्षांचा असतो. ज्याच्या घरी उद्याच्या मजुरीवर चूल पेटते, त्याचा मुलगा बावीस वर्षांचा असूनही चाळिशीच्या माणसासारखा विचार करतो. बारावी होताच त्याला भरतीचा अर्ज दिसतो, संशोधनाची संधी दिसत नाही. त्याच्यात महत्त्वाकांक्षा नाही, असे म्हणणे अन्याय होईल. त्याच्यापाशी आहे तो काळच आखूड आहे.

म्हणून शिष्यवृत्तीचे खरे स्वरूप ओळखले पाहिजे. शिष्यवृत्ती फीपुरते पैसे देते असे आपण समजतो. ती वस्तुतः विद्यार्थ्याला वेळ देते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, आणि परदेशातील उच्च शिक्षणासाठी आज महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. या योजनांनी कित्येक घरांतील मुलांना कमाईसाठी घाई न करण्याची दोन-चार वर्षे मिळवून दिली. निवासी शाळा व वसतिगृहे हेच काम करतात. शाळेच्या भोजनगृहातील ताट हे केवळ ताट नव्हे. मुलाच्या शिक्षणासाठी राखून ठेवलेला तो एक दिवस असतो.

स्पर्धा परीक्षांची वयोमर्यादाही काळाचे भान घडविते. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला खुल्या प्रवर्गासाठी ३२ वर्षे व सहा प्रयत्न, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी ३७ वर्षे आणि त्या वयापर्यंत कितीही प्रयत्न, अशी मर्यादा आहे. महाराष्ट्राच्या राज्यसेवेसाठी ती अनुक्रमे ३८ आणि ४३ वर्षे आहे. ही सवलत न्याय्य आहे, कारण आपले विद्यार्थी शर्यतीच्या आरंभरेषेपर्यंतच उशिरा पोहोचतात. परंतु तिची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. मर्यादा दूर असते तोवर काळ अमर्याद वाटतो आणि पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत एकामागून एक वर्षे निघून जातात. मर्यादा दोन वर्षांवर आली की हाँगकाँगच्या तरुणांसारखी स्थिती होते. कालपर्यंत ज्या पदांचा विचारही केला नव्हता, त्यांच्या जाहिराती एकाएकी शोधल्या जातात. पसंती बदलण्याची वेळ वयोमर्यादेने ठरवू नये. ती आपण आधीच ठरवून ठेवावी.

नोकरीच्या अटींचेही तसेच आहे. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर शासकीय सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना मिळाली नाही. तेव्हापासून 'सरकारी नोकरी' या शब्दातील भविष्यकाळाचा भाग काहीसा धूसर झाला, आणि या प्रश्नावर कर्मचाऱ्यांनी एवढी आंदोलने का केली, याचे उत्तरही त्यातच आहे. शिक्षणसेवक म्हणून प्रथम तीन वर्षे मानधनावर काढणाऱ्या तरुणाचे घर, लग्न, कर्ज हे सर्व त्या तीन वर्षांच्या पलीकडे ढकलले जाते. सैन्यात २०२२ पासून आलेल्या अग्निपथ योजनेत १७½ ते २१ या वयात भरती होऊन चार वर्षांनी जास्तीत जास्त एकचतुर्थांश जवानांना पुढे कायम केले जाते. ज्या समाजाने लष्कराकडे पिढ्यान्‌पिढ्या सन्मानाची व स्थैर्याची वाट म्हणून पाहिले, त्या समाजातील मुलाने या नोकरीचा विचार करताना चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी आपण कोठे असू, हा प्रश्न अर्ज भरण्यापूर्वीच विचारला पाहिजे. अल्पकाळाचे काम वाईट असते असे नव्हे. त्यातून मिळणारा पैसा व शिस्त पुढच्या शिक्षणाला लावता येते. मात्र अल्पकाळाच्या कामाला कायमचे काम समजणे घातक आहे.

एका घरातील दोन घड्याळे

वडिलांचे वय पंचावन्न आणि मुलीचे वय वीस असेल, तर एकाच प्रश्नाकडे दोघे दोन वेगळ्या घड्याळांतून पाहत असतात. वडिलांना आपण हातीपायी धड असेपर्यंत मुलगी मार्गी लागलेली पाहायची असते. त्यांच्या हिशेबात पाच वर्षे हा फार मोठा काळ आहे. मुलीच्या हिशेबात पाच वर्षे म्हणजे पदव्युत्तर शिक्षण आणि एखादी पात्रता परीक्षा. त्यापुढे तिला तीस-पस्तीस वर्षांची नोकरी करायची आहे. दोघांचेही गणित आपापल्या जागी बरोबर असते. वाद होतो तो कोणाचे घड्याळ प्रमाण मानायचे, या न बोललेल्या मुद्द्यावर.

सल्ला देणाऱ्याने आपल्या वयाचा हिशेब विद्यार्थ्यावर लादू नये, हा या साऱ्या विवेचनातून निघणारा पहिला धडा आहे आणि तो पालकांइतकाच आम्हा शिक्षकांनाही लागू आहे. निवृत्तीजवळ आलेल्या शिक्षकाला स्थैर्य हा सर्वांत मोठा गुण वाटणे साहजिक आहे. परंतु निवृत्तीजवळ आलेला तो आहे, विद्यार्थी नव्हे. त्याचबरोबर विद्यार्थ्यानेही घरच्या माणसांची घाई म्हणजे अडाणीपणा, असे समजू नये. त्या घाईमागे त्यांनी स्वतः न मिळालेल्या भविष्यकाळाचा अनुभव असतो.

यावर व्यवहारात उपाय काय? नोकरीचा विचार करताना विद्यार्थी व पालक यांनी एकत्र बसून तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. पहिला, या घडीला घर किती महिने किंवा किती वर्षे विद्यार्थ्याच्या कमाईवाचून चालू शकते? दुसरा, हाती आलेले काम पाच वर्षांनी आपल्याला कोणती नवी पात्रता किंवा कौशल्य देईल? तिसरा, हा मार्ग फळला नाही तर कोणत्या वर्षी आणि कोणत्या दुसऱ्या मार्गाला लागायचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सहा महिने असेल तर लवकर मिळणारी नोकरी धरणे हाच शहाणपणा आहे. मग ती नोकरी धरून मुक्त विद्यापीठातून किंवा खात्यांतर्गत परीक्षांतून पुढे जाण्याचा आराखडा करावा. उत्तर चार वर्षे असेल तर केवळ शेजारच्या मुलाला पगार सुरू झाला म्हणून शिक्षण सोडणे हे नुकसान आहे. घरोघर उत्तरे वेगळी येतील. प्रश्न मात्र सर्वांनी स्वतःला विचारलेच पाहिजेत.

उत्तरायुष्यातील काम

राज्य शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय ५८ आहे. शेवटची पाच-सात वर्षे अनेकांना रिकामी वाटू लागतात. आता काय शिकायचे, आता कोठे जायचे, असे उद्गार कार्यालयात नेहमी ऐकू येतात. जर्मन संशोधक हानेस झाखर आणि मिखाएल फ्रेझे यांनी २००९ साली या अवस्थेचा अभ्यास केला. वयानुसार कामातील पुढच्या संधी कमी दिसू लागतात, हे त्यांना आढळलेच. परंतु ज्यांच्या कामात विचार करण्यास वाव आहे आणि ते कसे करायचे हे ठरविण्याची मोकळीक आहे, त्यांना पुढच्या संधी अधिक दिसतात, असेही त्यांना आढळले. म्हणजे ज्येष्ठ माणसाची उमेद केवळ त्याच्या वयावर अवलंबून नसते. त्याच्याकडे कोणते काम सोपविले आहे यावरही ती अवलंबून असते. ज्येष्ठ लिपिकाला केवळ जावक नोंदवहीवर बसविले तर तो निवृत्तीचे दिवस मोजेल. नव्या कर्मचाऱ्यांना नियम शिकविण्याचे काम दिले तर तोच माणूस वेळेआधी कचेरीत येईल.

आपल्या समाजात आरक्षणाच्या बळावर नोकरीत आलेल्या पिढ्यांपैकी पुष्कळ जण आता निवृत्त झाले आहेत. बँक, महसूल, रेल्वे, टपाल, विमा, शिक्षण, आरोग्य अशा खात्यांचे तीस-पस्तीस वर्षांचे ज्ञान त्यांच्यापाशी आहे. अर्ज कसा भरावा, मुलाखतीत काय विचारतात, जात पडताळणीचे कागद कसे जुळवावेत, सेवापुस्तकातील चूक कशी दुरुस्त करून घ्यावी, हे पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला घरात सांगणारे कोणी नसते. या वयातील माणसांना अर्थपूर्ण काम हवे असते, आणि निवासी शाळांतील मुलांना असे मार्गदर्शक हवे असतात. आठवड्यातून एक दिवस वसतिगृहात येऊन दोन तास बसणारा निवृत्त अधिकारी मुलांपुढे केवळ माहिती ठेवत नाही. त्यांच्यासमोर तीस वर्षांचा भविष्यकाळ माणसाच्या रूपाने बसलेला असतो. आपणही इतके दूर पाहू शकतो, हे मुलांना त्यातून कळते.

वतनाच्या काळात आपल्या पूर्वजांना काम निवडता येत नव्हते, कारण काळ त्यांच्या मालकीचा नव्हता. शिक्षण, संविधानाने दिलेले हक्क आणि कष्टाने उभारलेल्या संस्था यांमुळे तो काळ आज आपल्या मालकीचा झाला आहे. विसाव्या वर्षी तो शिकण्यात गुंतवावा, चाळिशीत जबाबदारीने वापरावा आणि साठीत वाटून द्यावा. कोणत्याही वयाच्या माणसाची निवड पाहून त्याला नावे ठेवण्यापूर्वी, त्याला पुढे किती काळ दिसतो आहे, हे आधी विचारावे. आणि ज्याला तो आखूड दिसत असेल, त्याच्यासाठी तो थोडा लांबविता आला तर अवश्य लांबवावा. निवासी शाळा चालविण्याचे प्रयोजनही याहून वेगळे नाही.